छायाचित्रात न आलेला पाचवा वादक

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या शहर पुरवणीत आमच्या बँडवर अर्ध्या पानाचा लेख आला, त्याबद्दल प्रथम मनापासून आभार मानतो. पुण्यातल्या हॉटेलांत, लग्नाच्या लॉनवर आणि कंपन्यांच्या वार्षिक कार्यक्रमांत वाजवणाऱ्या मंडळींची दखल वर्तमानपत्राने घ्यावी, हे रोज घडत नाही. आपल्या प्रतिनिधींनी आमच्या गायिकेशी आणि ड्रमरशी तासभर बसून आस्थेने गप्पा मारल्या, हेही मी स्वतः पाहिले आहे. लेखासोबतच्या रंगीत छायाचित्रात बँडचे चार कलाकार हसताना दिसतात. बँड पाच जणांचा आहे. छायाचित्राच्या उजव्या कडेला एका गिटारची लांबलचक मान आणि तिच्या टोकाला चार खुंट्या दिसतात, त्या खुंट्यांचा मालक मी.

हे पत्र त्या तक्रारीसाठी नाही. बेस गिटार वाजवणाऱ्याला कडेला कापले जाण्याची सवय असते आणि खरे तर त्याचा स्वभावही तसाच बनत जातो. पत्र लिहायला बसलो ते लेखातल्या दोन वाक्यांमुळे. पहिले वाक्य असे की, हा बँड स्वतःची गाणी करत नाही, लोकप्रिय गाण्यांची हुबेहूब नक्कल करतो. दुसरे असे की, आमचे वादन मेटलसारखा गोंगाट नसून श्रवणीय आहे. पहिल्यात दोष दाखवला आहे आणि दुसऱ्यात स्तुती केली आहे. मला मात्र दोन्ही वाक्ये सारखीच टोचली. मी गेली बावीस वर्षे ही तथाकथित नक्कल करून घर चालवतो आहे, आणि त्याच्याही आधीपासून तो तथाकथित गोंगाट, म्हणजे मेटल हा जड आवाजाचा रॉक संगीतप्रकार, ऐकतो आहे. माझ्या बाबतीत ही दोन वेगळी आयुष्ये नाहीत, आणि ती का नाहीत एवढेच मला सांगायचे आहे.

आधी वाद्याविषयी थोडे, कारण आमच्या घरातही ते कोणाला नीट ठाऊक नाही. जुनी माणसे त्याला 'बास गिटार' म्हणतात, आणि माझी मावशी मी सरावाला बसलो की दारातून आत डोकावून "बास की आता!" एवढेच म्हणत असे, तिच्या मते वाद्याच्या नावातच सूचना दिलेली होती. चार जाड तारा, साध्या गिटारपेक्षा लांब मान, आणि सर्वांत खालची तार पेटीच्या भाषेत सांगायचे तर पांढरी तीनच्या, पण पार खर्जातल्या स्वरात लावलेली. तिची कंपने सेकंदाला साधारण ४१. हा स्वर मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून जवळजवळ निघतच नाही. आपल्याला ऐकू येतात ते त्याचे वरचे स्वयंभू स्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत आपोआप उमटणारे बारीक उपस्वर, आणि उरलेला स्वर मेंदू आपल्या पदरचा भरतो. त्यामुळे कार्यक्रमाचे चित्रीकरण फोनवर पाहून कोणी बँडविषयी मत बनवले, तर त्या मतातून मी आपोआप वगळला जातो. आपल्या प्रतिनिधींनी तसे केले असे मी म्हणत नाही, पण आमच्याकडे काम देणारे बहुतेक लोक तसेच करतात.

बेस ऐकू येतो तो बंद पडल्यावर. सिंहगड रस्त्याकडच्या एका लॉनवर संगीताचा कार्यक्रम चालू होता. नवरीच्या मैत्रिणी, नवऱ्याचे काका, लहान मुले, सगळे नाचण्यात रंगले होते, आणि गाण्याच्या मधोमध माझ्या गिटारच्या जॅकमधली तार सुटली. ड्रम चालू होते, कीबोर्ड चालू होता, गायिकेने एक शब्दही चुकवला नाही. तरी अर्ध्या मिनिटात नाचणाऱ्यांचे पाय जड झाले, दोन बायका पदर सावरत बाजूला झाल्या, काका उगाचच टाळ्या वाजवू लागले. मी स्टेजच्या मागे गुडघ्यावर बसून केबल बदलत होतो, तेवढ्यात नवऱ्याचे आजोबा काठी टेकत आले आणि म्हणाले, "काय बंद पडलं हो? सगळं चालू दिसतंय, पण काहीतरी बंद पडलंय." ऐंशीच्या पुढचे, पांढरे धोतर नेसलेले गृहस्थ. इतक्या वर्षांत माझ्या वाद्याचे याहून चांगले वर्णन मी कोणाकडून ऐकलेले नाही. तंबोऱ्याची खर्जाची तार तुटली तर श्रोत्याला काय झाले ते लगेच सांगता येत नाही, पण गाणे अंगावरून उतरल्यासारखे होते, तसेच हे.

आता 'हुबेहूब नक्कल' या शब्दांकडे येतो. काही वर्षांपूर्वी एका हॉटेलात आम्ही दर शुक्रवारी आणि शनिवारी वाजवत असू. एके दिवशी व्यवस्थापकांनी खर्च कमी करायचा म्हणून पाचाचा बँड चारावर आणला. कोणाला काढायचे यावर चर्चासुद्धा झाली नाही. "बेस तर लॅपटॉपवरूनही येतो ना," असे ते अगदी सौजन्याने म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे तसे खोटेही नव्हते. दोन महिने माझ्या जागी एक निळा दिवा लुकलुकत होता. तो बेस खरोखरच हुबेहूब होता, एकही सूर इकडचा तिकडे नाही. तिसऱ्या महिन्यात ड्रमरनेच व्यवस्थापकांकडे जाऊन हात टेकले. झाले होते असे की, गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्यात एका टेबलावर वाढदिवसाचा केक आला, गायिकेने शहाणपणाने अंतरा लांबवला, मुलाचे नाव गाण्यात गुंफले, मेणबत्त्या विझेपर्यंत सगळ्यांना त्याच दोन ओळींवर खेळवत ठेवले, आणि लॅपटॉप मात्र ठरल्याप्रमाणे पुढे ध्रुवपदावर निघून गेला. चार माणसे एका स्वरात आणि बेस दुसऱ्याच स्वरात, असा तो प्रकार भर गर्दीत जवळजवळ अर्धे मिनिट चालला. केकवर कोणाचे लक्ष राहिले नाही म्हणतात.

हुबेहूब नक्कल ती. माणूस जे करतो त्याला नक्कल म्हणणे मला पटत नाही. गायिकेचा घसा बसलेला असतो, ती माइकपासून तोंड फिरवून "काळी दोन नको, पांढरी दोन घे" असे सांगते, आणि पुढच्या चार मात्रांत अख्खे गाणे एक स्वर खाली आणायचे असते. कीबोर्डवाल्याला एक बटण दाबून ते जमते. मला मात्र प्रत्येक स्वराची जागा मानेवर नव्याने शोधावी लागते, आणि मूळ गाण्यात ज्या स्वराला मोकळी तार वापरली होती तेथे आता ती मिळत नाही. नाचणारे थकले की चाल सैल करायची, जेवणाची वाढ सुरू झाली की आवाज उतरवायचा पण ठेका उतरू द्यायचा नाही, हॉलच्या कोपऱ्यातल्या टेबलावरचे लोक कान धरू लागले की ओळखायचे, खालच्या स्वरांची लाट तिथे साचते आहे. ४१ कंपनांच्या स्वराची एक लाट आठ मीटरहून लांब असते, त्यामुळे मध्यम आकाराच्या बंदिस्त हॉलमध्ये ती भिंतींवर आदळून कोपऱ्यांत गोळा होते आणि स्टेजवर उभ्या असलेल्या मला त्याचा पत्ताही नसतो. मूळ ध्वनिमुद्रणात यातले काहीच नसते. तिथे गाणे एकदा वाजले आणि कायमचे तसेच राहिले. आम्हाला ते त्या रात्रीच्या, त्या हॉलच्या आणि त्या घशाच्या मापाने पुन्हा बेतावे लागते.

दुसरे असे की, ही गाणी ज्यांनी आधी वाजवली त्यांच्याविषयी आम्हाला जेवढा आदर असतो, तेवढा दाद देणाऱ्या श्रोत्यांनाही नसतो, कारण श्रोत्यांना त्यांची नावेच माहीत नसतात. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांशिवाय पुण्यात कोणताही बँड एक संध्याकाळ काढू शकत नाही. त्यांच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजवणारे टोनी वाझ यांनी त्या गाण्यांच्या तळाशी काय काय करून ठेवले आहे, हे गाणे नुसते ऐकून कळत नाही, वाजवायला घेतले की कळते. हिंदी चित्रपटसंगीतातल्या वादकांचा मोठा वर्ग गोव्याचा होता. लहानपणी चर्चमध्ये आणि तेथील संगीतशाळांत शिकलेली, स्वरलिपी सहज वाचणारी ही माणसे मुंबईच्या स्टुडिओंत आयुष्यभर वाजवत राहिली आणि तबकडीच्या वेष्टनावर त्यांची नावे क्वचितच आली. त्यांच्या सुरावटी आमच्यासाठी कोठे लिहून ठेवलेल्या नाहीत. इंटरनेटवर मिळतात त्यांत चुका भरपूर असतात. हेडफोन लावून, गाणे अर्ध्या वेगाने फिरवून, एकेक स्वर उचलावा लागतो, आणि मग लक्षात येते की ज्याला आपण साधा ठेका समजत होतो, तिथे त्या वादकाने सम येण्याच्या जरा आधी एक स्वर हळूच ठेवून दिला आहे आणि सगळ्या गाण्याची झुलण्याची लकब त्या एका स्वरातून आलेली आहे. तो स्वर आम्ही वाजवतो. नाव माहीत नसलेल्या माणसाला केलेला नमस्कार म्हणून मी त्याकडे पाहतो. नक्कल म्हणणाऱ्याने म्हणावे.

आपल्याकडे तर हे समजावून सांगायलाच नको. एकच नाट्यपद तीन-तीन पिढ्यांचे गायक गात आले, आणि रसिक मध्यंतरात चहाचा कप हातात धरून अमक्याची जागा बरी की तमक्याची यावर भांडत आले. त्यांना कोणी नक्कल करणारे म्हटल्याचे मी ऐकले नाही. इंग्रजी गाणी वाजवणारा बँड आला की मात्र पहिला प्रश्न येतो तो 'ओरिजिनल काय आहे तुमचं?'. माझे ओरिजिनल आहे, तेही सांगून टाकतो. आम्हा तिघांचा एक मेटल बँड होता. त्याने स्वतःची गाणी लोकांपुढे एकदाच वाजवली. श्रोते एकोणीस होते, त्यांतले दोघे वेटर.

येथे लेखातल्या दुसऱ्या वाक्याकडे वळणे भाग आहे, कारण नकलेचा तिटकारा नेमका मेटलमध्येच सर्वांत कमी आहे. ज्या बँडपासून मेटल सुरू झाले असे बहुतेक जाणकार मानतात, तो इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा ब्लॅक सॅबथ आरंभी इतरांची ब्लूज गाणीच वाजवीत असे, आणि जानेवारी १९७० मध्ये त्यांची पहिली एकेरी तबकडी आली तीसुद्धा एका अमेरिकन बँडच्या गाण्याची होती. १९८१ मध्ये लॉस एंजलिसमध्ये सुरू झालेल्या मेटॅलिकाच्या सुरुवातीच्या कार्यक्रमांत बरीचशी गाणी ब्रिटिश बँडांची असत. पुढे जगभर नाव झाल्यावर, १९९८ मध्ये, याच मंडळींनी निव्वळ दुसऱ्यांच्या गाण्यांचा दुहेरी अल्बम काढला, आणि आपण कोणाकडून शिकलो ते उघडपणे मांडले. कव्हर वाजवणे, म्हणजे दुसऱ्यांची गाणी वाजवणे, ही त्या परंपरेत पायरी आहे, आणि पायरीवर पाय देऊन वर जाणारा खाली वाकून तिला हातही लावतो. मी अजून पायरीवरच आहे, हे कबूल.

ब्लॅक सॅबथविषयी आणखी दोन वाक्ये लिहितो, कारण त्यांच्याशिवाय मेटलमधला बेस समजत नाही. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा असल्यामुळे ती नेमकी तारा दाबणारी बोटे होती. त्याने साबणाच्या प्लास्टिकच्या बाटलीचे तुकडे वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडे लावले, आणि पुढे १९७१ च्या तिसऱ्या अल्बममध्ये तारा सैल सोडल्या. पेटीच्या भाषेत पांढरी तीनवरून काळी एकवर आणल्या. त्यांचा बेसवादक गीझर बटलर हा मुळात गिटार वाजवणारा. त्यानेही आपल्या तारा तितक्याच खाली घेतल्या. मेटलचा तो जडशीळ, जमिनीतून आल्यासारखा आवाज या वाटेने आला, त्यात एका कामगाराच्या दुखऱ्या बोटांचाही हिशेब आहे. त्याला गोंगाट म्हणताना जरा थांबावे, एवढीच माझी विनंती आहे.

मेटलमध्ये आवाज मोठा असतो, हे मी नाकारत नाही. मी स्वतः कानांत बोळे घालून वाजवतो आणि शिकायला येणाऱ्या मुलांनाही पहिल्या दिवशी तेच सांगतो. परंतु मोठा आवाज आणि गोंगाट यांत फरक आहे, तो बांधणीचा. मेटलच्या गिटारचा आवाज मुद्दाम इतका फाडलेला असतो की त्यावर तीन स्वरांची भरगच्च संगती वाजवली तर नुसता चिखल होतो. म्हणून तेथे बहुधा दोनच स्वर वाजतात, षड्ज आणि पंचम. गंधार गाळलेला असतो. उरलेली सगळी भावना लयीवर आणि स्वरांच्या निवडीवर तोलावी लागते. ब्लॅक सॅबथने ज्या स्वरांतराने लोकांना घाबरवले ते षड्ज आणि तीव्र मध्यमाचे. युरोपात त्याला सैतानाशी जोडत आले आहेत. आमच्या घरी संध्याकाळी देवापुढे दिवा लागल्यावर माझी आई यमन गुणगुणते, त्यात तोच तीव्र मध्यम असतो, आणि आमच्याकडे अजून तरी सैतान आलेला नाही. मेटलमध्ये वारंवार येणाऱ्या एका स्वरसप्तकात रिषभ, गंधार, धैवत आणि निषाद हे चारही कोमल असतात, म्हणजे आपला सरळसरळ भैरवी थाट. एकदा सराव करताना मी ती आरोही फिरवत होतो तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "एवढ्यात भैरवी? संपलं का तुझं?" तिला काही संपलेले दिसले नाही, कारण मी पुढे दीड तास वाजवत होतो.

मेटल माझ्याकडे आले ते कॅसेटमधून. अकरावीत एका मित्राने मेटॅलिकाचा १९८८ चा अल्बम दिला आणि मी त्यावरून बेस शिकायचा निश्चय केला. चार दिवस टेप मागेपुढे फिरवूनही मला बेस म्हणून काही सापडेना. टेपरेकॉर्डर बिघडला असावा असे वाटून मी तो दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने हेड पुसले, एक भावगीत लावून दाखवले आणि "मशीन एकदम ठणठणीत आहे" असे सांगून वीस रुपये घेतले. कित्येक वर्षांनी मला कळले की यंत्रात काही दोष नव्हताच. त्या अल्बमच्या मिक्सिंगमध्येच बेस जवळजवळ ऐकू येणार नाही इतका खाली ठेवला होता. त्यांचा आधीचा बेसवादक क्लिफ बर्टन २७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये बसच्या अपघातात चोविसाव्या वर्षी गेला होता आणि त्याच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडचा हा पहिलाच पूर्ण अल्बम होता. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या मेटल बँडच्या बेसवादकालाही कडेला कापले गेले होते. आपल्या पुरवणीतले छायाचित्र पाहून मला राग का आला नाही, याचे उत्तर त्या वीस रुपयांत आहे.

उलट बाजूही पाहिली आहे. १ फेब्रुवारी २००८ रोजी आयर्न मेडन हा ब्रिटिश बँड मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर आला. १९७५ मध्ये त्याची स्थापना करणारा, बहुतेक गाणी लिहिणारा आणि बँड चालवणारा स्टीव्ह हॅरिस हा बेसवादक आहे. मी पुण्याहून गेलो होतो आणि धक्केबुक्के खात त्याच्या बाजूच्या कठड्यापर्यंत पोहोचलो. पाय मॉनिटरवर, म्हणजे स्टेजच्या कडेला वादकांसाठी ठेवलेल्या स्पीकरवर ठेवून, वाद्य लोकांवर रोखून, गाण्याचा शब्दन् शब्द ओठांनी म्हणत तो दोन तास वाजवत होता. हातात पिक, म्हणजे तार छेडायची चकती नाही, नुसती दोन बोटे. त्याची ती प्रसिद्ध घोडदौड, एक लांब आणि दोन आखूड टापा, तीही त्या वेगात, दोनच बोटांनी कशी निघते ते पाहायला मी गेलो होतो, आणि जवळून पाहिल्यावर समजले की त्यात बळाचा अंशही नाही. बोट तारेवरून उचललेच जात नाही. एका तारेवरून सुटते ते शेजारच्या जाड तारेवर टेकून थांबते आणि तेथूनच परत निघते. संपूर्ण मैदान उड्या मारत होते, आणि त्या गदारोळाचे मूळ असलेला हात मात्र सतारीला बसलेल्या माणसाच्या हातासारखा शांत होता. रात्र दादरच्या फलाटावर काढून पहाटेच्या इंद्रायणीने मी परत आलो, आणि त्याच संध्याकाळी एका लग्नात वाजवायला उभा राहिलो. एका जुन्या हिंदी गाण्यात बोटांची तीच युक्ती करून पाहिली. ड्रमरने मान वळवून माझ्याकडे पाहिले आणि भुवया उंचावल्या. बाकी कोणाच्या काहीच लक्षात आले नाही.

तेव्हापासून मी लग्नात वाजवतो तो बेस मेटलचाच आहे, फक्त आवाज खाली केलेला. मेटलमध्ये ड्रमरच्या दोन्ही पायांखाली जेव्हा किक ड्रम धडधडतो, तेव्हा बेसचा स्वर त्या ठोक्याच्या तसूभरही पुढे-मागे चालत नाही. गेला तर सगळा बँड अडखळल्यासारखा ऐकू येतो. ती सवय लागलेल्या माणसाला तीन मिनिटांचे नाचाचे गाणे वाजवताना स्वतःला आवरून धरणे सोपे जाते. आणि उलट, चार तास दुसऱ्यांच्या फर्माइशी वाजवत, नाव न होता, एकाही कडव्यात पुढे न येता उभे राहण्याची जी तालीम कव्हर बँडमध्ये होते, ती मेटलमधल्या कोणत्याही बेसवादकाला हवीच असते.

लेखात एक वाक्य ओझरते येऊन गेले आहे, की आम्ही दुसऱ्यांची गाणी वाजवून 'आयते' पैसे कमावतो. त्याविषयी थोडक्यात सांगतो. जाहीर कार्यक्रमात गाणी वाजवायची तर गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी १९६९ पासून काम करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचा परवाना घ्यावा लागतो, आणि तो साधारणपणे कार्यक्रमाचा आयोजक किंवा जागेचा मालक घेतो. २०१२ च्या कायदादुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा अधिक पक्का केला. म्हणजे गाणे ज्याचे आहे त्याला त्याचा वाटा मिळण्याची व्यवस्था आहे. कार्यक्रमात वाजवणाऱ्या आमच्यासारख्यांच्या मानधनाची अशी व्यवस्था नाही. साउंड चेकसाठी दुपारी चारला बोलावणार, वाजवायला साडेआठला उभे करणार, नियमाप्रमाणे दहाला ध्वनिक्षेपक बंद करताना यजमान आमच्यावरच रुसणार, जेवण 'नंतर बघू' म्हणणार, आणि ठरलेली रक्कम तीन आठवड्यांनी, चार फोन केल्यावर, थोडी कापून पाठवणार. सगळेच असे नसतात, हेही खरे. एका यजमानांनी आम्हाला पंगतीला स्वतःच्या शेजारी बसवून आग्रहाने जिलबी वाढली होती, त्याला नऊ वर्षे झाली तरी आमचा ड्रमर अजून त्या जिलबीचे नाव काढतो.

शुद्धिपत्र छापावे अशी माझी मागणी नाही. नक्कल या शब्दाऐवजी वादन हा साधा शब्द वापरता आला असता आणि गोंगाट हा शब्द वापरण्याआधी मेटलचा एखादा अल्बम चांगल्या स्पीकरवर, मोबाइलवर नव्हे, ऐकता आला असता, एवढेच माझे म्हणणे आहे. आपले छायाचित्रकार पुन्हा कधी आमच्या कार्यक्रमाला आले, तर त्यांच्यासाठी एक सूचना मात्र देऊन ठेवतो. मी ड्रमरच्या डाव्या हाताला, हाय-हॅट या झांजांच्या जोडीशेजारी उभा असतो, कारण तिथून मला त्याचा किकवरचा पाय दिसतो आणि त्याला माझा हात दिसतो. त्यांनी कॅमेरा दोन पावले मागे नेला, तर पाचही जण सहज मावतात.

कळावे,
आपला नम्र,
एक बेसवादक, पुणे
(नाव छापले नाही तरी चालेल.)